चार दारं, एक दांडा

सुकत आलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाटाचं पाणी शिरतं तेव्हा एक वास सुटतो. पावसात मातीला येतो तो हा नव्हे. हा वास जड असतो, थंड असतो. त्यात तलावाच्या तळाशी मुरलेला गाळ असतो, कुजलेली कमळाची पानं असतात, पाटातल्या दगडांवरचं शेवाळ असतं, आणि चिकणमातीच्या भेगांतून बुडबुड्यांबरोबर वर येणारी कोंडलेली हवा असते. ऑक्टोबर अर्धा सरला आहे. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या आहेत आणि दाण्यात दूध भरतं आहे. या दिवसांत हे एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर लोंब ताठ उभी राहते आणि आत काही नसतं. आज सकाळी पाटाच्या अगदी टोकाच्या बांधीवर मी उभा होतो. सात वाजता पाटाचं दार उघडलं असणार. सात वाजून बावीस मिनिटांनी पाणी इथवर आलं. पाटाची लांबी धरली तर बरोबर आहे. वास नाकात गेला आणि मला ताई आठवल्या.

ताईंचं काम शेताचं नव्हतं. नागपूरला वीसेक वर्षं त्या यंत्रं चालवणारे प्रोग्राम तपासायच्या. वडिलांचे गुडघे गेले, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बालाघाटला राहायला आल्या आणि वॉर्डातल्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी नऊ ते अकरा आम्हा सहा जणांना शिकवू लागल्या. सहा जणांत मी एक. बाकी दोन शाळामास्तर, एक औषधाचं दुकान चालवणारे, एक राइस मिलमधला वीजतंत्री आणि एक घरी शिवणकाम करणाऱ्या बाई. सगळे चाळिशीच्या आसपासचे, हौसेनं प्रोग्राम लिहिणारे. आमच्या गावात दुकानात हिंदी, शाळेत हिंदी. माझी मुलं माझ्याशीही हिंदीतच बोलतात. ताई मात्र शिकवताना आमच्या घरच्या मराठीत यायच्या. त्यांचा एकच प्रश्न असायचा, का. आम्ही उत्साहानं सांगायचो, चालतोय प्रोग्राम. त्या म्हणायच्या, "चालते, हे दिसून राह्यलं. काहून चालते, ते सांगा."

पहिल्याच रविवारी त्यांनी दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके आणले होते. उजव्या वाटीतला एक चिंचोका उचलून डाव्या वाटीत टाकायचा आणि प्रत्येक वेळी थांबून सांगायचं, आत्ता या घटकेला काय खरं आहे. आम्ही गोंधळलो. चाळिशीतली माणसं, चिंचोके खेळत बसलो होतो. शिवणकाम करणाऱ्या बाईंना पहिल्यांदा दिसलं: दोन्ही वाट्या मिळून चिंचोके तेवढेच राहतात, कुठेही थांबलं तरी. ताई म्हणाल्या, हे एक झालं, दुसरं काय? बराच वेळ गेल्यावर मी म्हणालो की उजवी वाटी दर वेळी एकानं कमी होते, म्हणजे कधी तरी ती रिकामी होणारच. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा "हौ भाऊ" म्हणाल्या. कुठल्याही फेऱ्यात न बदलणारी एक गोष्ट, आणि दर फेऱ्याला घटत जाणारी एक गोष्ट. या दोन्ही शब्दांत मांडता आल्या तरच प्रोग्राम लिहायला बसायचं. आधी वाक्य, मग प्रोग्राम. नको ते कधीच घडणार नाही, हे एक वचन. हवं ते कधी तरी घडेलच, हे दुसरं. वर्षभर त्यांनी जे शिकवलं ते या दोन वचनांत बसतं. ते समजायला दहा मिनिटं लागतात. अंगवळणी पडायला मला काय लागलं, तेच सांगतो आहे.

माझी नोकरी आकड्यांची. पर्जन्यमापकातले मिलिमीटर आणि पिकांचे क्विंटल यांचे तक्ते करण्यात माझं आयुष्य गेलं. आडव्या आणि उभ्या बेरजा जुळल्या की मला झोप लागते. कार्यालयासाठी मी लहानसहान प्रोग्राम लिहिले होते आणि ते चालत होते, त्यामुळे सासुरवाडीच्या गावातून निरोप आला तेव्हा मला त्यात काही अवघड वाटलं नाही. किरनापूरहून लांजीकडे जाताना आत वळल्यावर ते गाव लागतं. मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळचा तलाव, त्याच्या बांधातून निघालेला एक पाट, पाटाला चार दारं आणि त्या चार दारांवर एक्केचाळीस शेतकरी. पाण्याची पाळी लावून देणारा माणूस म्हणजे पाणकर. ताईंचे वडील त्याच गावचे पाणकर होते, चाळीस वर्षं. ते लेकीकडे बालाघाटला आल्यावर दोन हंगाम भांडणात गेले. वरच्या दाराचे लोक पाणी सोडेनात, टोकाला पाणी पोचेना. टोकाची बांधी माझ्या थोरल्या मेहुण्यांची. तेव्हा तलाव समितीनं मला विचारलं, मोबाईलवर पाळी लावून देता येईल का? मी म्हणालो, येईल.

आता तो दांडा कसा होता ते सांगायला हवं. पाटाचं दार वर-खाली करायला एक जाड आटे पाडलेली सळई होती आणि तिच्या चौकोनी डोक्यावर बसणारा एक लोखंडी दांडा. तो लावून फिरवला की दार उचललं जायचं. दारं चार होती, दांडा मात्र एकच. त्याच्या तोंडाला एक खाच अशी होती की दार पूर्ण खाली बसल्याशिवाय दांडा डोक्यावरून निघायचाच नाही. तो कोणी घडवला ते कोणालाच ठाऊक नाही. मी तो पाहिला आणि मला वाटलं, केवढी ही गैरसोय. एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे हे धूड खांद्यावर टाकून अर्धा-अर्धा किलोमीटर चालायचं. आता पाळी मोबाईल सांगणार. मग प्रत्येक दाराला स्वतःचा दांडा असायला काय हरकत आहे? मी माप घेतलं, कागदावर आकृती काढली आणि समितीनं वेल्डरकडून तसेच तीन नवे दांडे करून आणले. आकृती इतकी अचूक होती की तिन्ही पहिल्या झटक्यात बसले. मला त्याचा अभिमान वाटला होता.

प्रोग्राम अकराशे चाळीस ओळींचा झाला. ज्याची पाळी त्याला संदेश जायचा, त्यानं दार उघडायचं, वेळ संपली की बंद करायचं आणि "बंद" एवढं लिहून पाठवायचं. मग पुढच्याला संदेश. उत्तर आलं नाही तर प्रोग्राम अर्धा तास थांबून ते बंद झालं असं धरायचा आणि पुढे जायचा. मी तो खोट्या नावांवर दोनशे बारा वेळा चालवून पाहिला. एकदाही चूक नाही. रविवारी मोठ्या खुशीत ताईंना दाखवला. त्यांनी पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, दोन दारं एकाच वेळी उघडी राहनार नाहीत, हे कशावरून?"

"ताई, दोनशे बारा वेळा चालवला."

"म्हंजे दोनशे बारा वेळा राह्यली नाहीत. मी पुढच्या वेळचं विचारून राह्यली."

औषधवाले हसले. "घ्या. दोनशे तेरावा राह्यलाच."

मला राग आला होता, हे मान्य करतो. वर्गातल्या खेळातल्या वाट्या वेगळ्या आणि गावचा पाट वेगळा, असं मनात आलं. पुढच्या आठवड्यापासून समितीला पाळी सुरू करायची होती, धान निसवत आलं होतं. ताई म्हणाल्या, चार दिवस बसू, वाक्यं लिहू, मग सुरू करा. मी म्हणालो, वेळ नाही. चार दांड्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पूर्ण फेरी नऊ दिवसांची. पहिली फेरी झाली, पडद्यावर एक्केचाळीस हिरव्या खुणा आल्या, एकूण तास आणि वाटलेले तास शून्य फरकानं जुळले. दुसरी फेरी झाली, पुन्हा एक्केचाळीस. एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी मेहुण्यांचा फोन आला. ते फार थोडं बोलणारे. आधी माझी तब्येत विचारली, मुलांचा अभ्यास विचारला, मग म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या मोबाईलवर पानी आलं म्हंते. बांधीत काई आलं नाही जी."

मी पडदा उघडून बघितला. "तुमची पाळी काल झाली. दोन तास चाळीस मिनिटं."

"हौ. मी उभा होतो ना बांधावर, दिवसभर. मांगल्या वेळीबी उभा होतो. मोबाईलच लावून देऊ का जी धानात?"

मागल्या वेळीही पाणी आलं नव्हतं आणि त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. जावयाला कसं बोलायचं, एवढंच त्यामागे होतं. मी तरीही तासांची बेरीज पुन्हा करून पाहत होतो, तेव्हा बायको चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "माह्या भावाचं धान वाळून राह्यलं, अन् तुमी बेरजा करून राह्यले." ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ताईंच्या घरी गेलो. ओसरीत त्यांचे वडील खाटेवर बसले होते, गुडघ्यांना तेल लावलेलं, पाय सरळ केलेले. मी प्रोग्रामची नोंदवही छापून नेली होती. ताईंनी ती वाचता वाचता एका शब्दावर पेन्सिलनं खुणा करायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत सात, दुसऱ्या फेरीत अकरा. अठरा वेळा "बंद" असं उत्तर आलंच नव्हतं. प्रोग्रामनं ते धरून घेतलं होतं. एक जण दार उघडं टाकून किरनापूरला मयतीला गेले होते आणि दोन दिवस तिथंच राहिले. कोणाच्या मोबाईलला जंगलाकडच्या बाजूला रेंज नव्हती. कोणी आणखी थोडं पाणी घेऊ म्हणून मुद्दाम गप्प बसले होते. "उत्तर नाही आलं, तर तुमी होकार मानला," ताई म्हणाल्या. "पन एक समजत नाही मले. दार उघडं राह्यलं तर दांडा तिथंच अडकते. मंग दुसरं दार उघडलं कशानं?"

मी चार दांड्यांचं सांगितलं.

खाटेवरून म्हातारबुवांनी मान वळवली. "चार?" त्यांनी बोटं मोजून दाखवली. मग पोरीकडे बघून म्हणाले, "चार केले म्हंते बाई." ते हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. "जवाईबापू," मी गावचा जावई म्हणून तेही मला तसंच म्हणत, "मी काई लई इमानदार मानूस होतो म्हून दोन दारं कधी उघडी नाही राह्यली, असं नाही. मलेबी झोप लागे. मीबी लांजीच्या बाजारात बसून राहो. दांडा एक होता, म्हून."

इतक्या वर्षांत कोणत्याही माणसानं मला इतक्या थोड्या शब्दांत इतकं शिकवलेलं नाही. ताई रविवारामागून रविवार जे सांगत होत्या, नको ते घडूच शकणार नाही अशी रचना करा, माणसाच्या लक्षावर सोडू नका, ते शंभर वर्षांपासून त्या पाटावर लोखंडात घडवलेलं होतं. मी ते माप घेऊन, आकृती काढून, अचूकपणे मोडलं होतं.

"मग दांडा असून गेली दोन वर्षं भांडणं काहून झाली?" मी विचारलं. स्वतःच्या बाजूनं काहीतरी बोलायला हवं होतं.

"दांड्यानं दोन दारं उघडत नाहीत, तेवढंच," ते म्हणाले. "दांडा सोडते कोन, धरून बसते कोन, हे दांड्याले नाही समजत. त्यासाठी मी होतो." आणि त्यांनी सदऱ्याच्या दोन्ही खिशांवर हात ठेवले. फेरीच्या पहिल्या सकाळी ते उजव्या खिशात चिंचोके भरून निघायचे, जितके शेतकरी तितके. एकाची पाळी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा होईपर्यंत कोणालाही दुसऱ्यांदा पाणी नाही, मग तो गावचा पाटील असो की स्वतःचा भाऊ. मी ताईंकडे बघितलं. त्या नोंदवहीतच बघत होत्या, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मग त्यांनी वही मिटली. "वाक्यं मंग लिहू. पयले दांडे घेऊन या, भाऊ. अन् फेरी टोकापासून सुरू करा."

त्याच दुपारी मोटारसायकलीवर गेलो. नवे तिन्ही दांडे पोत्यात बांधून आणले. कोणी अडवलं नाही, फक्त वरच्या दाराचे एक जण म्हणाले, "आनले तुमीच, नेलेबी तुमीच." दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांच्या बांधीत पाणी पोचलं. मी नऊ दिवसांची रजा टाकली आणि एक पूर्ण फेरी पाटावरून चाललो. खांद्यावर तो दांडा, उजव्या खिशात एक्केचाळीस चिंचोके. गावातल्या बायका पाणवठ्यावरून बोलायच्या, जवाईबापू पानकर झाले, सासुरवाडी पावली. तिसऱ्या दिवशी खांद्याला वळ उठला. पण त्या चालण्यात मला जे दिसलं ते पडद्यावर कधी दिसलं नसतं. दांडा देणारा माणूस कधीच घाईत नसतो. त्याचं काम झालेलं असतं. घेणारा मात्र अर्धा तास आधीच येऊन उभा असतो. मी आजवर देणाऱ्याला विचारत होतो, झालं का? विचारायचं होतं ते घेणाऱ्याला, मिळाला का?

परत आल्यावर ताईंच्या ओसरीत चार दिवस सकाळी बसलो. प्रोग्रामची एकही ओळ न लिहिता फक्त वाक्यं लिहिली, मराठीत, शाळेच्या वहीत. एका वाक्यासाठी एक पूर्ण सकाळ गेली, कारण त्यात "साधारणपणे" असा शब्द होता आणि ताई तो राहू देईनात. शेवटी पानभर मजकूर राहिला. दांडा ज्याच्याकडे, त्याचंच दार. पाळी पुढे जाते ती घेणाऱ्यानं "मिळाला" म्हटल्यावरच. गप्प बसणं हे उत्तर नव्हे. उत्तर नसेल तर प्रोग्रामनं थांबायचं आणि समितीच्या माणसाला कळवायचं, अंदाज करायचा नाही. प्रत्येकाची एक पाळी झाल्याशिवाय कोणाचीही दुसरी नाही. प्रत्येक वाक्यापुढे ताईंनी "काहून" असं लिहून जागा सोडली होती आणि ती भरल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यातून प्रोग्राम उतरला तो तीनशे सहा ओळींचा. त्याचीही त्यांनी तपासणी केली, दोनशे बारा वेळाही चालवून बघू दिला. "चालवून पाहू नका असं मी कधी म्हटलं जी?" त्या म्हणाल्या. "पाहून झालं की विचार सोडू नका, एवढंच."

त्या वर्षी मेहुण्यांच्या बांधीत सत्तावीसऐवजी एकोणीस पोती धान झालं. पाणी आलं होतं, पण उशिरा. कापणीनंतर ते आमच्या घरी आले, बहिणीसाठी नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मीच त्यांच्याकडे एक लोंब मागितली. त्यांनी खिशातून काढून दिली. बहुतेक द्यावी की नाही अशा विचारानं आणलेली असावी. ते गेल्यावर मी दाणे मोजले. एकशे अडतीस. त्यातले सत्तावन्न पोचट. ती लोंब मी त्या शाळेच्या वहीत ठेवली आहे, "दोनशे बारा" असं जिथं लिहिलं आहे त्या पानात.

त्याला आता सहा वर्षं झाली. म्हातारबुवा त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. ताई नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. विहाराच्या सभागृहात आता शिकवण्या चालतात. आम्ही सहा जण रस्त्यात भेटतो तेव्हा एकमेकांना "काहून?" असं विचारतो आणि हसतो, बरोबरच्या लोकांना त्यात काय गंमत आहे ते कळत नाही. दिवाळीला मी ताईंना फोन करतो. पाट कसा चालला आहे असं त्या विचारत नाहीत, मला त्याचं आधी वाईट वाटायचं. मग लक्षात आलं की जे वाक्यं लिहून, कारणं लिहून पूर्ण केलं, त्याची चौकशी त्यांना करावीशी वाटत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते झालेलं आहे. दांड्याच्या मुठीवरचं लोखंड हातांनी घासून गुळगुळीत झालं आहे. समितीच्या नव्या लोकांना तो प्रोग्राम कोणी लिहिला हे ठाऊक नाही, आणि ती वाक्यं कोणी लिहवून घेतली हे तर मुळीच नाही. चांगल्या कामाचं बहुधा असंच होत असावं. ते आहे, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आज सकाळी बांधावर उभा असताना मी इकडं तिकडं पाहिलं. पाणी लोंबींच्या बुडाशी हळूहळू चढत होतं, भेगा मिटत होत्या, दोन बगळे माझ्याकडे दुर्लक्ष करून पाण्याच्या पुढे पुढे चालले होते. त्या वर्षी याच जागी मेहुणे अठरा दिवसांत दोनदा, दिवसभर उभे राहिले होते, आणि पाणी आलं नव्हतं. आज ते दिसले नाहीत. मी फोन केला. मागे बाजाराचा गलका होता.

"दादा, तुमची पाळी सुरू आहे."

"हौ, म्हायत हाय ना. मी लांजीले आलो. दांडा घ्याले पोरगी गेली होती, तिनं सांगतलं मोबाईलवर." मग जरा काळजीनं म्हणाले, "काहून जी? तुमी काहून गेले? पानी नाही आलं का?"

"आलं," मी म्हणालो. "सहज आलतो."

फोन खिशात टाकला. आकड्यांच्या माणसाला एक मोह होतोच. हात लोंबीकडे गेला होता, दाणे मोजायला. मी तो मागे घेतला. पाणी बांधीच्या पलीकडच्या कोपऱ्याला पोचलं होतं आणि तिथं वाट बघत कोणीही उभं नव्हतं.